कॅपसाठी दात तासल्यावर कळ येते? जोर नको, वेळ मोजा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असतानाच माझ्या एका अडत्या पेशंटचा फोन आला. मागे बोली चाललेली, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. “डॉक्टर, दात बरा केला नव्हं तुम्ही? मग गूळ जिभंवर ठेवला की कळ मस्तकात कशी जातीया?” अडतीचा धंदा. हंगामात रोज गुळाच्या कितीतरी रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, कोपरा मोडून चाखायचा, ते चुकत नाही. आणि चारच दिवसांपूर्वी मी त्यांची खालची डावी दाढ कॅपसाठी तासली होती.

“कळ किती वेळ टिकते?”

“लई जोरात येतीया.”

“जोर नको, वेळ सांगा. घड्याळ लावून.”

दहा मिनिटांनी परत फोन. “चार सेकंद. मोजलं.”

चार सेकंद म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. तीच कळ निम्म्या जोराची असती, पण गूळ गिळून झाल्यावर दोन मिनिटं रेंगाळली असती, तर मी त्यांना सौदा सोडून दवाखान्यात यायला सांगितलं असतं. कॅपच्या कामात पेशंट सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. कळ जोरात आली की तो हादरतो, आणि मंद ठणका तासभर राहिला तरी ‘होईल कमी’ म्हणून गप्प बसतो. खरं तर उलट करायला हवं. दाताच्या नसेची तब्येत कळीच्या जोरावरून कळत नाही, ती किती रेंगाळते त्यावरून कळते. पुढे जे लिहिलंय ते घड्याळ हाताशी ठेवून वाचा.

आधी एक गोष्ट ठरवा: नस आहे की काढलेली?

कॅप दोन तऱ्हेच्या दातांवर बसते. एक, ज्याचं रूट कॅनॉल झालंय, म्हणजे आतली नस काढून नळ्या भरल्या आहेत. दुसरा, ज्याची नस जिवंत आहे, पण दात तुटलाय, चिरलाय किंवा शेजारच्या पडलेल्या दातासाठी ब्रिजचा खांब म्हणून वापरायचाय. चिठ्ठीवर ‘आरसीटी’ (म्हणजे रूट कॅनॉल) लिहिलंय का बघा. कळत नसेल तर सरळ विचारा.

रूट कॅनॉल झालेल्या दाताला गार-गरम कळत नाही, कारण कळायला आत कोणी उरलेलंच नाही. तरीही आइस्क्रीम खाताना ‘कॅपचा दात’ झोंबतोय असं वाटत असेल तर बहुतेक वेळा तो शेजारचा असतो. हिरडी उतरून शेजारच्या दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं आणि बिल कॅपच्या नावावर फाटतं. क्वचित एखादी नळी भरायची राहूनही जाते. अशा दातात चावताना दुखणं मात्र होऊ शकतं, त्याचं कारण पुढे चाव्याच्या भागात येईल. गार, गोड आणि वाऱ्याच्या कळीबद्दल इथे जे आहे ते नस जिवंत असलेल्या दातासाठी.

तासल्यावर आत काय होतं

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्याला संवेदना नाही. त्याच्या आत पिवळसर डेंटिन, आणि मधोमध नस. कॅपला जागा करायची तर दात चारी बाजूंनी आणि वरूनही तासावा लागतो. चावायच्या बाजूला साधारण १ ते २ मिलिमीटर, कॅप झिरकोनियाची (धातू नसलेली, कडक सिरॅमिकची) की धातूवर सिरॅमिक चढवलेली यावर थोडं कमी-जास्त. म्हणजे कवच जवळजवळ सगळं जातं आणि डेंटिन उघडं पडतं.

हे डेंटिन भरीव नसतं. त्यात बाहेरून थेट नसेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला सुमारे २० हजार, नसेच्या जवळ ४५ हजारांच्या आसपास. प्रत्येक नळीत द्रव असतो. गार पाणी लागलं, वारा लागला की हा द्रव बाहेरच्या बाजूला ओढला जातो, आणि आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना हिसका बसतो. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवलं, आणि आजही दंतवैद्यक हेच शिकवतं. गुळाचंही तसंच. गोड द्रावण घट्ट असतं, ते नळीतलं पाणी स्वतःकडे ओढतं. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तसं. आमच्या अडत्यांचा दात त्यामुळे गार पाण्यापेक्षा गुळाला जास्त ओरडत होता.

आता सेकंदांचं गणित लागतं. नसेत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक जलद: द्रव हलला की तीक्ष्ण कळ देतात आणि द्रव थांबला की गप्प होतात. दुसरे संथ: ते द्रव हलण्याला फारसे दाद देत नाहीत, नसेला सूज आली की जागे होतात, आणि एकदा जागे झाले की लवकर झोपत नाहीत. त्यांचं दुखणं खोल, ठणकणारं, ‘नक्की कुठला दात ते सांगता येत नाही’ असं. पहिली कळ म्हणजे उघड्या नळ्यांची तक्रार. दुसरी म्हणजे नसेची.

तासताना होणारी उष्णता हा नसेला बसणारा दुसरा फटका. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात नसेचं तापमान फक्त साडेपाच अंशांनी वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. ड्रिलबरोबर तोंडात पाण्याचा फवारा उडतो आणि तुम्ही गुदमरल्यासारखे होता, तो फवारा नस वाचवण्यासाठी असतो. थोडं सहन करा.

तासायच्या आधी हे विचारून घ्या

दंतवैद्याला प्रश्न विचारायला लोक कचरतात. खुर्चीत आडवं पडल्यावर तोंड उघडं, मग विचारणार काय? म्हणून बसायच्या आधीच विचारा.

टेम्पररी कॅप देणार का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मागच्या दाढांना, विशेषतः रूट कॅनॉल झालेल्या, बरेच जण टेम्पररी देत नाहीत. ‘आठ दिवसांत पक्की येतेय की’ म्हणतात. नस जिवंत असेल तर मात्र हट्ट धरा. उघड्या डेंटिनवर आठ दिवस चहा, पाणी, वारा आणि तोंडातले जंतू सोडून द्यायचे आणि मग कळ येते म्हणून नवल करायचं, याला अर्थ नाही. शिवाय टेम्पररी नसली की शेजारचे आणि वरचे दात मोकळ्या जागेत किंचित सरकतात, आणि लॅबमधून आलेली कॅप बसताना अडते.

दुसरं, तासल्यावर डेंटिनवर बाँडिंगचा थर किंवा संवेदना कमी करणारं औषध लावता येतं का, हे विचारा. तासल्या तासल्या, माप घ्यायच्या आधीच नळ्यांची तोंडं बंद करण्याची पद्धत आहे, आणि माझ्या अनुभवात ती खूप उपयोगी पडते. सगळीकडे करतात असं नाही.

आधीपासूनच दात शिवशिवत असतील तर दोन आठवडे आधी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट सुरू करा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आज लावली आणि उद्या गुण आला असं त्यात होत नाही.

पहिला दिवस

सुई दिलेली असते. वरच्या जबड्याचा बधिरपणा दोन-तीन तासांत उतरतो, खालचा चार-पाच तासही राहतो. तो पूर्ण उतरेपर्यंत काही चावायचं नाही आणि उकळता चहा नाही. माझ्या एका पेशंटनं बधिर ओठांनी मिसळ खाल्ली. कट किती गरम आहे ते कळलं नाही आणि गाल दाताखाली आला तेही कळलं नाही. दाताचं काही झालं नाही; गालाची जखम बरी व्हायला मात्र आठवडा गेला.

बधिरपणा उतरताना हिरडी चरचरते. माप नीट यावं म्हणून हिरडीत बारीक दोरा सारलेला असतो, त्याचं ते दुखणं. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या दिवसातून तीन-चार वेळा केल्या की दोन-तीन दिवसांत जातं.

आणि त्याच संध्याकाळी एक काम करा. सरळ बसा, ओठ मिटा, दात अलगद एकमेकांवर टेकवा. टेम्पररी इतर दातांच्या आधी लागते का? लागत असेल तर दुसऱ्याच दिवशी फोन करा. टेम्पररी उंच असली तर दिवसभरात कितीतरी वेळा तोच दात ठोकला जातो, आणि मग गारही जास्त झोंबतं.

टेम्पररीचे आठ-दहा दिवस

टेम्पररी मुद्दामच कच्च्या सिमेंटवर बसवलेली असते, कारण ती काढायची असते. तिला लवंगेसारखा वास येत असेल तर त्या सिमेंटमध्ये युजेनॉल आहे, लवंगेच्या तेलातला तोच घटक. तो नसेला थोडा शांतही करतो. घरचं लवंगेचं तेल मात्र थेट हिरडीवर ओतू नका, भाजतं. आठवड्यातून एखादा तरी पेशंट पांढरी पडलेली हिरडी घेऊन येतोच.

खाण्याचं सांगायचं तर कोल्हापुरात पथ्य पाळायला लावणं म्हणजे वैर घेणं. तरी सांगतो. मटणाची नळी त्या बाजूनं फोडू नका, किंबहुना त्या आठवड्यात नळीच नको. चिक्की, तिळगूळ, चुइंगम टेम्पररी उखडतात. तांबडा-पांढरा रस्सा चालेल, पण वाफाळता नको, कोमट होऊ द्या. आणि त्यावर लगेच गार सोलकढी नको. गरमावर गार हा एकदम मोठा बदल असतो, आणि द्रवाचा हिसकाही तेवढाच मोठा. रंकाळ्यावर फिरायला गेलात तर आइस्क्रीम दुसऱ्या गालात ठेवून खाता येतं, माझे पेशंट शिकलेत.

आंबटाचं वेगळं लक्षात ठेवा. चिंच, लिंबू, कोकम, बाटलीतली थंड पेयं यांच्या आम्लानं डेंटिनच्या नळ्यांची तोंडं अजून मोकळी होतात. खाल्ल्यावर पाण्यानं चूळ भरा, पण ब्रश अर्धा तास थांबून करा. लगेच घासलं तर मऊ पडलेला थर निघून जातो.

ब्रश मऊ घ्या आणि त्या दाताला टाळू नका. दुखतं म्हणून घासायचं सोडलं की हिरडीच्या कडेला थर साचतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि पक्की कॅप बसवायच्या दिवशी सिमेंट ओल्या कडेवर नीट धरत नाही. फ्लॉस वापरत असाल तर तो वर ओढून काढू नका, बाजूनं सरकवून काढा, नाहीतर टेम्पररी सोबत येईल. मिश्री, राखुंडी, खरबरीत दंतमंजन पूर्ण बंद. ‘दात चमकवणाऱ्या’ पेस्टही नकोत. मावा-तंबाखू त्या बाजूला दाबणाऱ्यांना मी काय सांगणार. निदान या पंधरा दिवसांत तरी दाबू नका, हिरडी भरून यायला हवी.

सेन्सिटिव्ह पेस्टबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. टेम्पररीच्या आत ती पोचत नाही. ती काम करते कॅपची कड आणि हिरडी यांच्यामध्ये जो दाताचा गळा उघडा राहतो तिथे, आणि शेजारच्या दातांवर. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन त्या कडेला हलकेच चोळा, थुंका, पण चूळ भरू नका.

आणि वहीत, नाहीतर मोबाइलच्या नोंदीत, रोज तीन आकडे लिहा: गार पाण्यानं किती सेकंद, गोडानं किती, चावताना दुखतं का. एवढंच. ‘दुखतंय, जास्त दुखतंय’ यापेक्षा ‘सोमवारी आठ सेकंद, गुरुवारी तीन’ हे मला शंभर पटीनं उपयोगी. आकडे उतरत असतील तर कळ कितीही तीव्र वाटली तरी दात बरा होतोय. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर चढत असतील तर फोन करा.

अडत्यांचे आकडे चारवरच अडकले, खाली येईनात. बोलावलं. टेम्पररीच्या एका कडेचं सिमेंट धुऊन गेलं होतं आणि त्या फटीतून रोज गुळाचं पाणी आत जात होतं. काढली, साफ केली, पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी एक सेकंद.

गोळी घ्यायची तर

पहिले एक-दोन दिवस गोळी लागू शकते. तब्येतीनं धडधाकट मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम चालतं, दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचं अंतर ठेवून. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर ते नको. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरी नको. अशा वेळी पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची गोळी, सहा तासांच्या अंतरानं, तीही लिव्हरचा आजार असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ‘दातदुखीच्या’ बऱ्याच गोळ्या मिश्रणाच्या असतात, त्यात पॅरासिटामॉल आधीच असतं. पाठीवर छापलेलं वाचा, नाहीतर नकळत डोस दुप्पट होतो.

अँटिबायोटिक यावर चालत नाही. नळ्यांतला द्रव हलतोय, त्यात जंतूंना मारून काय मिळणार? मागून आणलेल्या तीन गोळ्या खाऊन कळ थांबली तर ती गोळ्यांशिवायही थांबणारच होती. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायची जुनी सवयही सोडा, कातडी जळते.

पाचव्या दिवसानंतरही रोज गोळी लागतेय? मग प्रश्न गोळीचा नाही. दवाखान्यात या.

टेम्पररी निघाली तर

गोंधळू नका, फेकू नका, गिळू नका. धुवा, आतलं जुनं सिमेंट सहज निघत असेल तर टूथपिकनं काढा, आरशात बघून आधी कोरडीच बसवून दिशा ओळखा. नीट बसत असेल तर आत किंचित व्हॅसलिन किंवा साधी टूथपेस्ट लावून बसवा, अलगद चावून खाली दाबा, बाहेर आलेली पेस्ट पुसा. मेडिकलमध्ये टेम्पररी डेंटल सिमेंट मिळालं तर उत्तम. झोपताना मात्र अशी सैल कॅप तोंडात ठेवू नका, घशात जाऊ शकते.

फेविक्विक नाही. दरवर्षी कोणीतरी लावतंच. त्यानं दात आणि हिरडी दोन्ही भाजतात, आणि ते खरवडून काढताना दात पुन्हा तासावा लागतो.

मग एक-दोन दिवसांत दवाखाना. ‘पक्की येईपर्यंत आठच दिवस आहेत’ म्हणून तशीच सोडू नका.

पक्की कॅप बसवायचा दिवस

सुई न देता बसवून घेता आली तर बरं. थोडं झोंबतं, पण दात एकमेकांवर कसे टेकतात ते तुम्हाला जाणवतं. बधिर जबड्यानं ‘बरोबर वाटतंय’ म्हणणं म्हणजे डोळे बांधून रंग ओळखणं.

चिकटवायच्या आधी कॅप नुसती बसवून दाखवा म्हणा. निळा किंवा लाल कागद चावायला देतात, त्याचा ठिपका जिथे गडद उमटतो तिथे दात जास्त लागतो. फक्त वर-खाली नको, डावी-उजवीकडे जबडा सरकवूनही कागद चावा. घास खाताना जबडा सरकतोच.

सिमेंटचे प्रकार असतात, त्यात पडायची पेशंटला गरज नाही. एवढं माहीत असू द्या की काही सिमेंटं बसताना सुरुवातीला आम्लधर्मी असतात, शिवाय कॅप दाबताना आतला दाब नळ्यांवर येतो. म्हणून टेम्पररीत दात शांत झालेला असताना पक्की बसल्यावर कळ परत येते. लोक इथे घाबरतात. ही कळ बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत उतरते, काहींना सहा लागतात. आणि धातूची कॅप असेल तर गार-गरम सिरॅमिकपेक्षा लवकर आत पोचतं, म्हणून सुरुवातीला ती जास्त जाणवते. वही चालू ठेवा.

चावा उंच: ज्यावर कोणी फोन करत नाही

कॅप बसल्यानंतर माझ्याकडे परत येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त. कॅप केसाएवढी उंच राहते. पेशंटला चावताना ‘कायतरी लागतंय’ असं वाटतं, पण तो गप्प बसतो, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की ‘वापरून वापरून घासून बसेल’.

नाही बसणार. झिरकोनिया इतकी कडक असते की ती घासली जात नाही. समोरचा तुमचा स्वतःचा दात घासला जातो. दाताभोवती हाडात उशीसारखा एक पातळ पडदा असतो, तो रोज ठोकून सुजतो. मग दात चावताना दुखतो, बोटानं ठोकला तरी दुखतो, आणि नस जिवंत असेल तर गारही झोंबायला लागतं. रूट कॅनॉल झालेल्या दातालाही हा पडदा असतोच, म्हणून नस नसताना चावताना दुखतं.

घरी ओळखायची तऱ्हा: आरामात बसून दात हळूच टकटक वाजवा. दोन्ही बाजू एकाच वेळी लागल्या पाहिजेत. एकच दात आधी लागतोय, किंवा आवाज एका ठिकाणाहून येतोय, किंवा घास चावताना त्या दाताला दचकल्यासारखी कळ येते, तर चावा उंच आहे. तीन दिवसांच्या वर वाट बघू नका. स्वतः कानशीनं घासायचा विचारही नको; हसू नका, आणलाय एकानं तसा दात.

अडत्यांचा दुसरा फोन याचसाठी आला. पक्की कॅप बसवून पाच दिवस झाले होते. गूळ चाखताना सेकंद मोजायला काही नव्हतं, पण शेंगदाणा चावला की दात उडत होता. ती बसवायच्या दिवशी मी सुई दिली होती, आणि ‘बरोबर वाटतंय’ हे त्यांचं उत्तर मी मान्य केलं होतं. ती माझी चूक. कागद चावायला दिला, एक गडद निळा ठिपका उमटला. अर्ध्या मिनिटाचं काम आणि पॉलिश. “एवढंच हुतं?” म्हणाले. एवढंच होतं, पण सहा महिने तसंच सोडलं असतं तर एवढंच राहिलं नसतं.

रात्री दात खायची सवय असेल तर तीही सांगा. सकाळी जबडा अवघडलेला असणं, बायको किंवा नवरा ‘रात्री करकर आवाज येतो’ म्हणत असणं, या खुणा. अशांना झोपताना घालायचा गार्ड लागतो, नाहीतर उत्तम बसलेली कॅपही दुखते.

इथे थांबायचं नाही

गार किंवा गोड काढून घेतल्यावरही कळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रेंगाळते. काहीही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू होतो. रात्री झोपेतून उठवतो, आडवं झालं की वाढतो. गरमानं दुखतं आणि गार पाण्यानं बरं वाटतं. यातलं एकही खरं असेल तर संथ तंतू जागे झालेत, नस कायमची सुजायला लागली आहे, आणि वाट बघून ती परत सुधारत नाही. एखाद्या दिवशी दुखणं अचानक पूर्ण थांबलं तर आनंद मानू नका. नस मेल्यावरही तसंच होतं, आणि नंतर हिरडीवर पुळी येते.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट बघू नका. रात्र असली तरी सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. खालच्या दाढेची सूज गळ्याकडे उतरली तर ती जिवावर बेतू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर इथे तासभरही दवडू नये.

नस गेली तर रूट कॅनॉल करावं लागतं, आणि त्यासाठी कॅप काढावीच लागते असं नाही. बहुतेक वेळा कॅपला वरून छोटं भोक पाडून नळ्या साफ करतात आणि भोक भरून टाकतात. कॅपचे पैसे वाया गेले म्हणून लोक रूट कॅनॉल पुढे ढकलतात, ते करू नका. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयाचा विचार करा; आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी साधारणपणे खर्च कमी आणि फेऱ्या जास्त, हे धरून चला.

शेवटचं एक काम बसवायच्या दिवशीच करून ठेवा. चिठ्ठीवर दाताचा नंबर (खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा ३६), कॅप कशाची, सिमेंट कुठलं आणि तारीख लिहून घ्या. झिरकोनियाची असेल तर वॉरंटी कार्ड मागा. आणि सहा महिन्यांनी एक एक्स-रे काढून घ्या, कारण काही दातांची नस न दुखता, हळूहळू मरते आणि तिची पहिली खूण मुळाच्या टोकाशी एक्स-रेतच दिसते. अडत्यांचा एक्स-रे मी मार्चमध्ये काढला, स्वच्छ आहे. त्यांच्या चिठ्ठीच्या मागे अजून त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘गूळ ०, गार पाणी २, शेंगदाणा चालतो.’